नावापुढील अक्षरे

सदर : व्यवहार आणि विवेक

आक्कांचे वय चौऱ्याहत्तर. पहाटे सर्वांच्या आधी उठणारी, धान्य स्वतः निवडून मगच दळणाला पाठविणारी ही गृहस्वामिनी गेल्या काही महिन्यांत जवळजवळ अंथरुणाला खिळली. कंबर दुखते, उजव्या मांडीत कळ उतरते, रात्री कूस बदलताना विव्हळणे आवरत नाही. गोळ्या झाल्या, शेक झाला, मालिश झाले, कमरेचा पट्टा झाला. आठ महिने लोटले, तरी दुखणे हटेना. हे घर कोणाचे, गाव कोणते, हे विचारण्याचे कारण नाही. वृद्ध माता आणि हळवे चिरंजीव असलेले कोणतेही घर या प्रसंगात आपले प्रतिबिंब पाहू शकेल.

एके दिवशी आक्कांच्या थोरल्या चिरंजीवांनी, म्हणजे दादांनी, बाजारपेठेत एक नवा फलक पाहिला. 'विनाशस्त्रक्रिया वेदनामुक्ती' असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते. खाली डॉक्टरांचे नाव, आणि नावापुढे इंग्रजी अक्षरांची अशी मालिका, की तिला एक ओळ पुरली नव्हती. आत चौकशी केली, तेव्हा मणक्यात तीन इंजेक्शने घ्यावी लागतील, तिन्हींची रक्कम एकदम भरल्यास सवलत मिळेल, असे स्वागतकक्षातून सांगण्यात आले. दादांनी दुसऱ्याच दिवशी पैसे भरण्याचे ठरविले.

रात्री जेवणानंतर सूनबाईंनी फलकाचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र तात्यांसमोर धरले. तात्या म्हणजे आक्कांचे धाकटे दीर. साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेले.

"तात्या, यातले एम.बी.बी.एस. तेवढे मला कळते. पुढची अक्षरे कसली हो?"

तात्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. "सूनबाई, मलाही सगळी कळत नाहीत. पण आम्ही कारखान्यात एखादे बिल मंजूर करायचो, तेव्हा खाली सही आहे, एवढ्यावर कधी भागत नसे. सही कोणाची, आणि त्याला तो अधिकार कोणी दिला, हे पाहूनच पैसे सुटायचे. आक्कांच्या मणक्यात सुई जायची आहे. तेवढी चौकशी करायला दोन दिवस लागले, तर काय बिघडेल?"

दादा थोडे नाराज झाले. आई रात्रभर कण्हते आणि काका कागद तपासत बसतात, हे त्यांना रुचले नाही. परंतु तात्यांचा शब्द घरात मोडत नसत.

वेदनेचे वेगळे शास्त्र कशासाठी?

हृदयाला हृदयरोगतज्ज्ञ, डोळ्याला नेत्रतज्ज्ञ, हे सर्वांना ठाऊक असते. वेदना मात्र कोणत्याही एका अवयवाची मालमत्ता नाही. ती हाडातून येते, स्नायूतून येते, मज्जातंतूतून येते. नागीण होऊन गेल्यावर कातडी बरी दिसत असतानाही महिनोन् महिने राहते. मग तिचा तज्ज्ञ कोण?

हा प्रश्न ज्यांना प्रथम तीव्रतेने जाणवला, त्यांच्यात डॉ. जॉन बोनिका यांचे नाव अग्रभागी आहे. १९१७ साली इटलीतील एका लहान बेटावर जन्मलेले बोनिका बालवयात अमेरिकेत गेले. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी ते चेहऱ्यावर मुखवटा चढवून व्यावसायिक कुस्त्या खेळत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मॅडिगन येथील लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना त्यांच्यापुढे जखमी सैनिक येत. जखम भरलेली असे, पण वेदना जात नसे. त्यांनी सहकारी तज्ज्ञांना विचारून पाहिले. प्रत्येकाला आपापल्या विषयापुरते ठाऊक होते, संपूर्ण उत्तर कोणापाशीच नव्हते. तेव्हा त्यांनी निरनिराळ्या शाखांच्या डॉक्टरांना एकत्र बसवून एकाच रुग्णाचा विचार करण्याची पद्धत सुरू केली. १९५३ मध्ये त्यांचा वेदनाव्यवस्थापनावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९७३ मध्ये त्यांनी बोलाविलेल्या बैठकीतून वेदनेच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. कुस्तीतील दुखापतींमुळे बोनिका स्वतः आयुष्यभर वेदना सोशीत राहिले, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

या संघटनेने वेदनेची जी व्याख्या केली आणि २०२० मध्ये सुधारली, तिच्यात वेदना हा संवेदनेबरोबरच भावनेचाही अनुभव मानला आहे. रुग्ण आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर केला पाहिजे, असेही तिच्यासोबतच्या टिपणीत म्हटले आहे. "तपासणीत काही निघत नाही, म्हणजे यांना काही होत नाही," असे म्हणून वृद्धांना गप्प बसविणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

या पार्श्वभूमीमुळे जगभर वेदनातज्ज्ञांमध्ये भूलतज्ज्ञांचा भरणा अधिक आहे. कोणत्या मज्जातंतूजवळ सुई नेल्यास कोणता भाग बधिर होईल, हे त्यांना शस्त्रक्रियागृहातील रोजच्या कामामुळे ज्ञात असते. त्यांच्या जोडीला अस्थिरोगतज्ज्ञ, मज्जासंस्थेचे तज्ज्ञ, पुनर्वसन वैद्यकातील तज्ज्ञ हेही या शाखेत येतात. अमेरिकेत अशा एखाद्या विषयातील प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर वेदनाशास्त्रातील एक वर्षाची फेलोशिप आणि त्यानंतर मंडळाची परीक्षा, असा क्रम आहे. भूलतज्ज्ञांसाठी ही परीक्षा १९९३ मध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलियाने २००५ मध्ये वेदनावैद्यकाला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजात वेदनावैद्यकाचा वेगळा विभाग २००७ मध्ये स्थापन झाला.

भारतातील अनेक वाटा

आपल्याकडे चित्र इतके रेखीव नाही. एम.बी.बी.एस. झाल्यावर थेट वेदनाशास्त्रात एम.डी. करावे, अशी रूढ वाट येथे नाही. आधी दुसऱ्या एखाद्या विषयात तज्ज्ञ व्हावे आणि मग वेदनेकडे वळावे, हा येथील मार्ग आहे. एकाच नावाच्या फलकामागे फार निरनिराळ्या तयारीची माणसे आढळतात, याचे कारण हेच. त्या तयारीचे मोजमाप करण्याचा साधा उपाय म्हणजे प्रत्येक अक्षरामागे किती वर्षे आहेत, हे पाहणे.

एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षांचे, त्यात एक वर्ष आंतरवासितेचे. त्यापुढे एम.डी. किंवा एम.एस. ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. हीही सामान्यतः तीन वर्षांचीच. भूलशास्त्रातील डी.ए. ही दोन वर्षांची पदविका. येथवर पाया झाला. वेदनाशास्त्राचे खास शिक्षण यानंतर सुरू होते.

त्या खास शिक्षणाच्याही पायऱ्या आहेत. डी.एम. हा तीन वर्षांचा अतिविशेष अभ्यासक्रम. वेदनाशास्त्रात तो अद्याप मोजक्याच संस्थांत आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत एम.डी.नंतरचा वेदनाव्यवस्थापनाचा एक वर्षाचा पी.डी.सी.सी. अभ्यासक्रम आहे. कर्करोग व असाध्य आजारांतील शुश्रूषेसाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपशामक वैद्यकाची, म्हणजे पॅलिएटिव्ह मेडिसिनची, तीन वर्षांची एम.डी. पदवी मिळते, वेदनाशमन हा त्या अभ्यासाचा गाभाच आहे. याखेरीज विद्यापीठे, मोठी रुग्णालये आणि खासगी संस्था फेलोशिप देतात.

खरी गफलत होते ती या 'फेलोशिप' शब्दापाशी. वर्षभर रुग्णालयात राहून, शेकडो रुग्ण पाहून, परीक्षा देऊन मिळालेली फेलोशिप असते. काही आठवड्यांचीही असते. काही तर घरबसल्या व्याख्याने ऐकून आणि अखेरीस दोन-तीन दिवसांची कार्यशाळा करून मिळतात. कागदावर शब्द तोच, फलकावर अक्षरेही जवळपास तशीच. एखाद्या व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व तर अर्ज आणि वर्गणी यांवर मिळते. तेही कधी कधी पदवीच्या पंक्तीत जाऊन बसते. हे सदस्यत्व खोटे नसते. ते पदवीच्या तोलाचे नसते, इतकेच.

परदेशी प्रमाणपत्रांपैकी एफ.आय.पी.पी. ही अक्षरे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. 'वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेन' ही संस्था ही परीक्षा घेते; भारतीय वंशाचे डॉ. पृथ्वी राज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. ती केवळ लेखी नसते. परीक्षकांसमोर क्ष-किरणांच्या चित्राकडे पाहत सुई नेमक्या जागी नेऊन दाखवावी लागते, तोंडी प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. ही विद्यापीठाची पदवी नव्हे. तथापि हाताचे कसब पारखणारी परीक्षा म्हणून तिला मान आहे. म्हणजे प्रत्येक परदेशी अक्षर भपक्याचे आणि प्रत्येक देशी अक्षर खरे, असाही सोपा नियम करता येत नाही. अक्षरामागे काळ किती, रुग्ण किती आणि परीक्षा कोणती, हे विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

कायद्याने रुग्णाला दिलेले हक्क

अशी विचारणा करणे हा डॉक्टरांचा अवमान होईल, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचरणाविषयीचे २००२ चे विनियम आजही लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी नवे विनियम निघाले होते, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित करण्यात आले. २००२ च्या या विनियमांनुसार प्रत्येक डॉक्टराने आपला राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावला पाहिजे. औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवरही तो छापला पाहिजे. नावापुढे मान्यताप्राप्त पदव्या, किंवा व्यावसायिक ज्ञान देणारी वा विशेष गुणवत्ता दर्शविणारी प्रमाणपत्रे व सदस्यत्वेच लावता येतात. त्या शाखेतील विशेष अर्हता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेणे हा गैरवर्तनाचा विषय ठरतो. शुल्काचा फलक लावणे, शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घेणे, रुग्णाने मागणी केल्यास बहात्तर तासांच्या आत उपचारांच्या नोंदी देणे, या बाबीही त्यात आहेत.

संमतीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेला निर्णय प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावा असा आहे. तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती होत नाही. उपचाराचे स्वरूप, त्याला असलेले पर्याय आणि त्यातील धोके रुग्णाला समजतील अशा रीतीने सांगितले पाहिजेत, असे त्या निर्णयाचे तात्पर्य आहे. गर्दीच्या वेळी पुढे केलेल्या छापील कागदावर घाईने सही करणे म्हणजे हा हक्क स्वतःच्या हाताने सोडून देणे होय.

आपल्या राज्यातील आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नावावरून ती पाहता येते. नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यास २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आयुर्वेदाचे वैद्य आणि भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, यांच्या परिषदा व नोंदवह्या वेगळ्या आहेत. वेदनेच्या उपचारांत दोघांचेही स्थान मोठे आहे. पाठदुखीच्या कित्येक रुग्णांना सुईपेक्षा योग्य व्यायामाचाच लाभ होतो. प्रत्येकाने आपल्या विद्येच्या मर्यादेत राहावे, एवढीच अपेक्षा. एका पद्धतीचे शिक्षण घेऊन, ज्ञान नसताना दुसऱ्या पद्धतीचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे.

तात्यांची दोन दिवसांची चौकशी

तात्यांनी सूनबाईंच्या मदतीने परिषदेचे संकेतस्थळ उघडले. फलकावरील डॉक्टरांचे नाव नोंदवहीत होते. क्रमांक खरा, एम.बी.बी.एस. खरे. त्यापुढील कोणतीही पदव्युत्तर अर्हता मात्र नोंदलेली नव्हती. तात्यांनी दवाखान्यात दूरध्वनी करून अदबीने विचारले, "साहेबांची फेलोशिप किती दिवसांची हो?" पलीकडून थोडा वेळ शांतता, मग उत्तर आले, "ते सर्टिफिकेट आहे. कार्यशाळेचे."

यात फसवणूक नव्हती. ते डॉक्टर कदाचित सज्जनही असतील, गुडघ्याच्या साध्या दुखण्यावर उत्तम औषध देत असतील. परंतु चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या मणक्याजवळ सुई नेण्याइतकी तयारी त्या कार्यशाळेने दिली असेल का, हा प्रश्न उरतोच. अशा इंजेक्शनातील स्टिरॉइडने साखर वाढते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना मणक्यात रक्तस्राव होऊन पाय लुळे पडण्याचा धोका असतो. जंतुसंसर्ग आधीच असेल, तर तो फैलावू शकतो. स्वागतकक्षात सवलतीची माहिती मिळाली. आक्का कोणत्या गोळ्या घेतात, हे मात्र कोणीही विचारले नव्हते.

"दादा," तात्या म्हणाले, "त्यांनी आक्कांना अजून पाहिलेलेही नाही, आणि तीन इंजेक्शने ठरलीसुद्धा. निदानाआधी बिल कसे तयार झाले, ते तू मला सांग."

दादा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सर्वजण आक्कांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. भूलशास्त्र विभागातर्फे तेथे आठवड्यातून ठरावीक दिवशी पेन क्लिनिक चालते. तेथील डॉक्टरबाई भूलशास्त्रातील एम.डी.; त्यानंतर वर्षभराची फेलोशिप केलेल्या.

डॉक्टरबाईंनी आधी सगळ्यांना बाहेर बसविले आणि फक्त सूनबाईंना आत ठेवले.

"आक्का, दुखणे कधी जास्त असते? काम करताना, की रात्री पडल्यावर?"

"रात्रीच जास्त, बाई. झोप म्हणून लागत नाही."

"वजन उतरलेय का?"

आक्कांनी सूनबाईंकडे पाहिले. "चोळ्या सैल झाल्यात," त्या म्हणाल्या.

"संध्याकाळी अंग कोमट लागते? घाम येतो?"

सूनबाईंना एकदम आठवले. दिवेलागणीच्या सुमारास आक्का शाल पांघरून बसतात, हे रोजचेच झाले होते. कोणी त्याला ताप म्हटलेच नव्हते.

पाऊण तास तपासणी झाली. पायांतील ताकद, बोटांची संवेदना, मणक्यावर टिचकी मारून पाहणे, सर्व गोळ्यांची यादी, लघवीवरील ताबा. अखेरीस डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज मी इंजेक्शन देणार नाही. आधी रक्त आणि एम.आर.आय. पाहू. हे दुखणे काहीतरी सांगते आहे. ते काय, हे कळल्याशिवाय त्याचे तोंड बंद करणे बरे नव्हे." तोवर झोप लागावी म्हणून त्यांनी मधुमेह व वय ध्यानात घेऊन सौम्य वेदनाशामक दिले.

निदान झाले ते कमरेच्या मणक्यातील क्षयरोगाचे. मणक्यातून सुईने घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीत त्यावर शिक्कामोर्तब झाले. या रोगावर औषध आहे. ते वर्षभर किंवा अधिक काळ नेमाने घ्यावे लागते आणि राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून विनामूल्य मिळते. परंतु त्याच मणक्याजवळ स्टिरॉइडची तीन इंजेक्शने गेली असती, तर शरीराची प्रतिकारशक्ती त्या जागी दुबळी होऊन रोगाला मोकळे रान मिळाले असते. वेदना थोडे दिवस दबली असती आणि निदान आणखी लांबले असते. तोवर आक्कांचे पाय राहिले असते की नाही, हे सांगता येत नाही.

जाणती व्यक्ती कशी ओळखावी?

वेदनातज्ज्ञाची अर्हता म्हणजे केवळ सुई मारण्याचे कसब नव्हे, हे या प्रसंगातून दिसते. सुई केव्हा मारू नये, हे कळण्यासाठीच तर ती सारी वर्षे खर्ची पडतात. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली पाठदुखी, रात्री वाढणारी वेदना, कारण नसताना उतरणारे वजन, ताप, पूर्वी झालेला कर्करोग, पायात येणारा लुळेपणा, मांड्यांच्या आतील भागाचा बधिरपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, या खुणा दिसताच शिकलेला डॉक्टर थांबतो आणि मूळ शोधतो. यांतील शेवटच्या तीन खुणा दिसल्यास तर घरच्यांनी एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे.

याच्या दुसऱ्या टोकालाही अर्हतेचाच प्रश्न आहे. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेत अनेक रुग्णांना मॉर्फिनची गरज असते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील कडक तरतुदींमुळे ते मिळणे फार दुष्कर झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधांसाठी परवान्यांची पद्धत सुलभ केली. मात्र ती ठेवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असलाच पाहिजे. या बदलासाठी दीर्घकाळ झटणारे डॉ. एम. आर. राजगोपाल हेही मूळचे भूलतज्ज्ञच. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात सहकाऱ्यांसह त्यांनी वेदना व उपशामक शुश्रूषेचा दवाखाना सुरू केला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांची सेवा करीत आहे. "आता काही उरले नाही, घरी न्या," असे ऐकावे लागलेल्या कुटुंबांना हे ठाऊक असावे, की रोग बरा होणार नसला तरी वेदना कमी करण्याचे शास्त्र शिकलेली माणसे आपल्या राज्यात आहेत आणि त्यांच्याकडे जाता येते.

आता व्यवहाराची गोष्ट. पुढील पाच प्रश्न एखाद्या कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवावेत.

१. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कोणता आणि तो कोणत्या परिषदेचा?
२. एम.बी.बी.एस.नंतर कोणत्या विषयात पदव्युत्तर शिक्षण झाले?
३. वेदनाशास्त्राचे प्रशिक्षण कोठे, किती काळ आणि परीक्षा देऊन झाले का?
४. वेदनेचे निदान काय आहे? ते कोणत्या तपासणीवरून ठरले?
५. सुचविलेल्या उपचाराला पर्याय कोणते, धोके कोणते, आणि उपयोग न झाल्यास पुढे काय?

हे प्रश्न हात जोडूनही विचारता येतात. ज्याने वर्षे घालवून विद्या मिळविली आहे, त्याला उत्तर देण्यात कमीपणा वाटत नाही; उलट रुग्णाचे घर जागरूक आहे, याचे समाधानच वाटते. जेथे उत्तराऐवजी सवलतीची मुदत सांगितली जाते, तेथून नम्रपणे उठावे. आणि मोठी पदवी पाहून डोळे मिटू नयेत, हेही तितकेच खरे. लांबलचक पदव्या असूनही रुग्णाकडे मान वर करून न पाहणारे असतात आणि केवळ एम.बी.बी.एस. असून "हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, अमक्यांकडे जा" असे प्रामाणिकपणे सांगणारे कुटुंबवैद्यही असतात. अशा कुटुंबवैद्याचे ऋण कधी विसरू नये.

आक्कांचे औषध अद्याप चालू आहे. पट्टा बांधून त्या सकाळी थोडा वेळ ओसरीवर बसतात. गेल्या आठवड्यात त्यांनी सूप मागून घेतले आणि मूठभर तांदूळ निवडले. दादा तेथेच उभे होते.

"तात्या," ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी पैसे भरायला निघालो होतो."

"आईसाठीच निघाला होतास," तात्या म्हणाले. "त्यात चूक नव्हती. फक्त आधी विचारायचे राहिले होते, ते सूनबाईंनी विचारले."